दिवाळी पहाट, डिजिटल अ‍ॅम्प आणि मिक्सरवरचा लाल दिवा

सहावी_तार (धागाकर्ता)

दिवाळीला पंधरा दिवस आहेत म्हणून आत्ताच विचारून ठेवतोय. ऐनवेळी विचारून काही होत नाही हे गणपतीत कळलं.

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. गणपतीत पाचव्या दिवशी सोसायटीतल्याच लोकांचा ऑर्केस्ट्रा होता. दोन गायक, की-बोर्ड, तबला, ऑक्टोपॅड आणि गिटारवर मी. वर्षभरापूर्वी जुना अ‍ॅम्प विकून डिजिटल मॉडेलर घेतला. अ‍ॅम्प, स्पीकरचा डबा, समोरचा माइक, सगळं एका पायाखालच्या खोक्यात. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल.) घरी हेडफोनवर स्वर्ग. स्टेजवर खोक्याच्या कॅनन आउटमधून (माइकच्या केबलचं तीन पिनांचं भोक) केबल थेट स्नेकमध्ये (स्टेजवरून मिक्सरपर्यंत जाणारी केबलींची जुडी) गेली आणि पहिल्याच कॉर्डला मिक्सरवर लाल दिवा. आवाज फाटला, आणि डिस्टॉर्शनचा गोड फाटतो तसा नव्हे, रिक्षाच्या फुटक्या स्पीकरसारखा.

साउंडवाल्या दादांनी लांबून 'कमी कर' अशी खूण केली. मी मास्टर, म्हणजे खोक्याच्या आवाजाचा मुख्य नॉब, अर्ध्यावर आणला. तोवर त्यांनीही फेडर (मिक्सरवरची माझ्या आवाजाची सरकपट्टी) खाली नेलेला, त्यामुळे मी गायबच झालो. सोलो आला, मी मास्टर चढवला, पुन्हा लाल, दादांचा फेडर अजून खाली. तीन गाणी हा लपंडाव चालला. चौथ्या गाण्यापासून त्यांनी मला म्यूटच केलं होतं, हे दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघितल्यावर कळलं. बायको म्हणाली, "दिसत मात्र छान होतास."

आता दिवाळी पहाट आहे. साउंडवाले तेच. मास्टर कुठे ठेवायचा? कॅनन की जॅक (साधी गिटारची केबल)? आधी माझा आउटपुट ठरवायचा की त्यांचा गेन (मिक्सरमध्ये शिरतानाच आवाज किती चढवायचा तो नॉब)?

खारीगावचा_खवट

खरा अ‍ॅम्प आणा, पुढे माइक लावा. धागा संपला.

सहावी_तार

काका, तो अ‍ॅम्प बावीस किलोचा होता आणि आमची लिफ्ट कार्यक्रमाच्या दिवशीच बंद पडते.

ऐरोलीचा_आळशी

वाखु (वाचनखूण) साठवली. माझंही तसंच, फक्त उलटं. माझा अ‍ॅम्प छोटा डिजिटल, कॅनन नाहीच. हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ केबल काढून मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली. लाल दिवा सोडा, गिटारच आली नाही. लांबून विहिरीत वाजवल्यासारखा फक्त रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं). केबल बदलली, तेच.

फेडरमास्तर

मी कळव्याचा, साउंड लावतो. लग्नं, गणपती, नवरात्र, एकसष्टी, सगळं. म्हणजे या गोष्टीतला खलनायक. आता खलनायकाची बाजू ऐका.

आधी ऐरोलीकरांचं, ते सोपं आहे. हेडफोनच्या भोकात टोकावर डावा आवाज असतो, मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरचं लाइन इनपुट बॅलन्स्ड असतं, ते टोक आणि कडं यांची वजाबाकी करून जे उरेल ते घेतं. गिटार दोन्हीकडे सारखीच, वजाबाकी शून्य. डाव्या-उजव्यात फरक असतो तो रिव्हर्बमध्ये, म्हणून तेवढाच उरतो. केबल बिघडलेली नाही, चुकीची आहे. स्टिरिओचे दोन मोनो करणारी वाय केबल घ्या आणि एकच शेपटी लावा. त्याहून बरं म्हणजे मध्ये डीआय बॉक्स टाका (जॅकचा आवाज कॅननवरून लांब नेण्याजोगा करणारा डबा). साधी जॅकची केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की ती मंडपातल्या लाइटिंगचं सगळं गाणं गोळा करत येते.

आता सहावी तार. स्टेजवरून कॅनन आली की आमचा हात सवयीने माइकच्या गेनवर जातो. गायकाचा साधा एसएम५८ घ्या. त्याच्या जाळीवर ९४ डीबी (डेसिबल) आवाज पडला की तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. तुमचं खोकं लाइन लेव्हलला (यंत्रं एकमेकांना देतात त्या मोठ्या मापाला) असेल तर त्याचं नेहमीचं माप +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. साडेसहाशे पट जास्त, डीबीत म्हणाल तर ५६ चा फरक. गायक ओरडतो तेव्हा माइकही जास्त देतो, पण तुमचीही पहिली कॉर्ड काही बेतानं येत नाही. मांजरासाठी ठेवलेल्या फटीतून तुम्ही बैल घातलात.

खोक्याच्या मेन्यूत कॅनन आउटसाठी माइक आणि लाइन असा पर्याय आहे का, ते बघा आणि मग सांगा.

वाशीवरून_विदाउट_तिकीट

माझ्याकडे लाइन सिक्सचं हेलिक्स आहे, तसलंच खोकं. ग्लोबल सेटिंग्जमध्ये इन्स/आउट्सच्या पानावर मोठ्या जॅकला इन्स्ट्रुमेंट की लाइन आणि कॅननला माइक की लाइन, असं दोन्हीचं वेगवेगळं ठरवता येतं. सोसायटी-मंडळाच्या कार्यक्रमात कॅनन कायम माइकवर. साउंडवाल्याला वेगळं काही सांगावंच लागत नाही, तो माइक समजूनच घेतो.

सहावी_तार

सापडलं! तीन पानं आत. कॅनन 'लाइन'वर होता, विकत घेतला तेव्हापासून. आणि फेडरमास्तर, व्हिडिओत झूम करून बघितलं, दादांचा गेन पूर्ण डावीकडे होता. तरीही लाल.

फेडरमास्तर

म्हणजे त्या बिचाऱ्याने होतं तेवढं केलं. गेन तळाला नेला तरी माइक प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी चॅनेलवर पॅडचं (आवाज आत शिरतानाच कापणारं) बटण आहे का बघायला सांगा. २० डीबीचा पॅड म्हणजे व्होल्टेज एक दशांश. यामाहाच्या एमजी मालिकेत बऱ्याच मिक्सरना २६ डीबीचा असतो, म्हणजे साधारण विसावा हिस्सा. पण तुमच्याकडेच माइकचा पर्याय आहे तर तिथेच मिटवा.

आणि एक लक्षात ठेवा. लाल दिवा गेनच्या ठिकाणी लागलेला असतो, फेडर त्याच्या खूप नंतर येतो. फाटलेला आवाज फेडरने कमी केला तर फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. तुमच्या तीन गाण्यांत दोघांनी मिळून एवढंच केलं.

पारसिकचा_वारा

मास्टर कायम बारा वाजता ठेवा, म्हणजे नॉबचं टोक वर. माझा पाच वर्षांचा नियम. वर-खाली दोन्हीकडे जागा राहते.

वाशीवरून_विदाउट_तिकीट

असहमत. मास्टर फुल्ल. फुल्लला खोकं जे देतं तेच त्याचं खरं माप. बारा वाजता म्हणजे किती डीबी हे कंपनीगणिक बदलतं, आणि बॅगेत हात लागला की ते साडेअकरा होतं.

पारसिकचा_वारा

फुल्ल ठेवून सोलोला काय करणार? दात दाखवणार?

वाशीवरून_विदाउट_तिकीट

सोलोचा बूस्ट पॅचमध्ये (खोक्यात साठवलेल्या आवाजाच्या सेटिंगमध्ये) बांधायचा, मास्टरला हात लावायचा नाही. तीन डीबी. फार तर चार.

खारीगावचा_खवट

खऱ्या अ‍ॅम्पला हे प्रश्न पडत नाहीत.

फेडरमास्तर

वारा आणि तिकीट, दोघांचंही चालेल. आम्हाला नॉब बारा वाजता असला काय नि पाच वाजता असला काय. साउंडचेकला होता तिथेच तो कार्यक्रमात असावा, बस्स. माझ्या ओळखीचा एक गिटारवाला नॉबशेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. त्याच्यासाठी मी गेन एकदा लावतो आणि चहा पितो.

बाकीच्या गिटारवाल्यांबद्दल काय बोलू? साउंडचेकला सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखे वाजवतात आणि कार्यक्रमात दहीहंडीला चढतात. साउंडचेकला तुमचं सगळ्यात मोठं वाजवा. सगळ्यात जोरदार पॅच, सोलोचा बूस्ट चालू, सहाही तारा. मी गेन त्यावर लावणार. डिजिटल मिक्सर असेल तर मीटरवर सरासरी -१८ डीबीच्या आसपास आणि जोराच्या फटक्याला -१० ते -८. अ‍ॅनालॉग असेल तर मीटर शून्याच्या आजूबाजूला नाचला पाहिजे आणि लाल अजिबात नको. मग फेडर शून्यापाशी ठेवून खेळायला वर-खाली जागा राहते. फेडर तळाशी चिकटवून काम करायचं म्हटलं तर केसभर हलवला तरी गिटार उडी मारते.

सहावी_तार

पटलं. आता नवा घोळ. कॅनन माइकवर टाकून घरी छोट्या मिक्सरवर बघितलं. क्लीन पॅच सुंदर. डिस्टॉर्शनच्या एका पॅचला मात्र मिक्सरचा गेन कितीही कमी केला तरी कडेला किरकिर ऐकू येते. मीटर हिरवा, तरी किरकिर.

वाशीवरून_विदाउट_तिकीट

मग ती मिक्सरमधली नाहीच, खोक्याच्या पोटातली आहे. गेन कमी केल्यावर किरकिर गेली तर मिक्सरची, राहिली तर तुमची. मास्टर खाली करून बघा, तरीही राहील. आतमध्ये कुठलातरी ब्लॉक (पॅचमधला एखादा इफेक्ट) डिजिटल शून्याला, म्हणजे मापाच्या कमाल टोकाला, धडकतोय आणि त्याच्या वर आकडेच नसतात. बहुतेक वेळा दोषी असतो इक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा), सहा-सात डीबी वर ओढलेला, नाहीतर शेवटचा रिव्हर्ब. शेवटून एकेक ब्लॉक बंद करत मागे या.

सहावी_तार

इक्यूच. 'मध्ये थोडा जीव यावा' म्हणून ९ डीबी चढवला होता. खाली घेतला, किरकिर गेली. जीव पण थोडा गेला, पण ठीक.

दोन्ही पॅच मीटरवर सारखे केले, शिखरं -१० ला. आता कानाला डिस्टॉर्शन दुप्पट मोठं वाटतंय.

ऐरोलीचा_आळशी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). माझंही असंच होतं, मला वाटायचं कानच गेले.

फेडरमास्तर

कान शाबूत आहेत. क्लीन गिटारची शिखरं उंच असतात आणि सरासरी खाली. डिस्टॉर्शन शिखरं छाटून सगळं सपाट करतं, त्यामुळे शिखर तेच राहिलं तरी सरासरी बरीच वर जाते, आणि कानाला मोठेपणा कळतो तो सरासरीवरून. पॅच एकमेकांशी जुळवायचे ते कानाने, मीटर फक्त लाल दिव्यापुरता. डिस्टॉर्शनची शिखरं क्लीनपेक्षा खालीच दिसतील, दिसू द्या.

आणि हे जुळवणं हेडफोनवर करू नका. सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात करा.

कोपरीची_काकू

ताल ऐकून कान दिला. मी की-बोर्डवाली, पण या मुद्द्यावर जळलेली आहे म्हणून लिहिते. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की तेच भरभरून येतात. घरी रात्री हळू आवाजात आपण 'बेस कमी पडतोय' म्हणून वाढवतो. तोच पॅच मंडपात गेला की ढम् ढम्. वरची कर्कशताही तशीच, घरी 'चमक' म्हणून वाढवलेली ट्रेबल तिथे पहिल्या रांगेतल्या आजोबांना टोचते.

गिटारची जाडी तार साध्या सुरावटीत ८२ हर्ट्झवर असते. तिच्या खाली जे येतं ते गिटारचं नसतं, स्टेजची धडधड असते. ८० ते १०० च्या खाली कापा. वर ६ ते ८ हजारांच्या पुढेही खरा गिटार स्पीकर फारसं काही देत नाही, तिथेही हलकेच कापा. आणि मिक्सरला जाताना स्पीकरच्या डब्याचं सिम्युलेशन चालू हवं. आमच्या गिटारवाल्याने ते बंद ठेवून पूर्ण नवरात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वाजवली होती.

सहावी_तार

काकू, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला, पण तपासलं, चालू आहे.

पारसिकचा_वारा

स्टिरिओचं काय? दोन कॅनन दोन चॅनेलना दिले तर मस्त पसरतं.

फेडरमास्तर

पसरतं, पण सोसायटीच्या कार्यक्रमात दोन्ही बाजूंच्या स्पीकरना मी एकच देतो. डावीकडे बसलेल्या मावशींनी उजवीकडचं गाणं का चुकवायचं? शिवाय चॅनेल मोजके असतात. मोनो द्या. फक्त डावा कॅनन लावून मोनो झालं असं समजू नका, काही खोक्यांत त्याने उजवं अर्ध हरवतं. मेन्यूतून मोनो करा.

अजून दोन गोष्टी. एक, फँटम, म्हणजे मिक्सर केबलमधून माइकला पाठवतो ती वीज. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण सगळ्या कॅनन इनपुटना एकदम लागू होतं. कंडेन्सर माइक (त्याला ही वीज लागते) नसेल तर ते बंद ठेवायला सांगा. असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय टाका, तो फँटम तुमच्या खोक्यापर्यंत जाऊ देत नाही. दोन, घूं. मिक्सर डेकोरेटरच्या जनरेटरवर आणि तुम्ही सोसायटीच्या मीटरवर असाल तर अर्थिंगचा फेरा बनतो आणि ५० हर्ट्झचा घूं येतो. तेव्हा प्लगची तिसरी पिन मोडणारे महाभाग मी बघितलेत. तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकवर असतो, अर्थिंग गेली तर त्या वाटेने काहीही येऊ शकतं. ग्राउंड लिफ्ट करायची ती डीआयवर, प्लगवर कधीच नाही. आणि शक्यतो दोघंही एकाच बोर्डावरून वीज घ्या.

कोपरीची_काकू

सहावी तार, एक विचारते. तुम्ही गणपतीत मास्टर चढवला तो नक्की कशासाठी? लोकांना ऐकू येत नव्हतं म्हणून, की तुम्हाला?

सहावी_तार

...मला. स्टेजवर माझा आवाजच नव्हता. मॉनिटर (स्टेजवरच्यांना ऐकवणारा स्पीकर) एकच, गायकांपुढे. जुना अ‍ॅम्प होता तेव्हा तो पाठीशी असायचा.

कोपरीची_काकू

मग मला वाटतं तुमच्या लाल दिव्याचं खरं कारण तेच आहे. माइक-लाइन झालं ते बरंच झालं, पण तुम्ही एकाच नॉबने स्वतःलाही ऐकताय आणि लोकांनाही ऐकवताय. स्वतःला ऐकू नाही आलं की तुम्ही तो फिरवणारच, आणि तिकडे त्यांचा गेन बिघडणारच. नेलपॉलिशचा ठिपका काय करील?

खारीगावचा_खवट

काकूंना +१. हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो, फक्त कमी शब्दांत.

वाशीवरून_विदाउट_तिकीट

अरे हो की! हेलिक्सवर मास्टर नॉब कशाला लागू व्हावा हे ठरवता येतं. मी तो फक्त जॅक आउटला ठेवलाय. कॅनन मिक्सरला जातो, कायम एकाच मापात. जॅक जातो माझ्या छोट्या स्पीकरला, तो मी पायाशी तिरका ठेवतो. नॉब फिरवला की फक्त माझं ऐकणं कमी-जास्त होतं. इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचंच राहिलं. तुमच्या खोक्यात बघा, 'व्हॉल्यूम कंट्रोल्स' असं काहीतरी असेल.

सहावी_तार

आहे! जॅकवर टाकलं. भाच्याचा की-बोर्डचा स्पीकर उसना घेतला, आठ इंची.

आता शेवटची अडचण. पहाट सहाला सुरू. दादा म्हणतात आदल्या रात्री मांडामांड होणार अकराच्या पुढे, त्यामुळे साउंडचेक सकाळी. सकाळी कधी? 'वेळ मिळेल तसा.'

फेडरमास्तर

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी काही दिवस बारापर्यंत सवलत मिळते ती रात्रीच्या बाजूला, पहाटेच्या नाही. म्हणजे सहाच्या आधी स्पीकरमधून चकार शब्द काढता येणार नाही. राम मारुती रोडला, तलावपाळीला दरवर्षी याच घड्याळावर सगळ्यांची धावपळ असते.

पण गेन लावायला स्पीकर लागतोच कुठे? साडेपाचला अभ्यंगस्नान उरकून या. स्पीकरचे अ‍ॅम्प बंद, मेनचे फेडर खाली. दादा तुमच्या चॅनेलचं पीएफएल दाबून हेडफोन लावतील, ते फेडरच्या आधीचंच ऐकवतं आणि मीटरवर दाखवतं. तुम्ही जोरात वाजवा, ते गेन लावतील. सोसायटीतलं एक कुत्रंही उठणार नाही. सगळ्यांचे गेन असे मुक्याने लावून झाले की सहाला फक्त फेडर आणि इक्यू उरतात, पहिल्या गाण्यात होतात. पहिलं गाणं गिटारचं ठेवू नका एवढंच.

ऐरोलीचा_आळशी

मुका साउंडचेक! हे लेणं कुठे लपवून ठेवलं होतं मास्तर?

सहावी_तार

(बारा दिवसांनी)

वृत्तांत. काल झालं.

रविवारी हॉलमध्ये तालमीला दादांना बोलावलं, मिसळ खाऊ घातली. कॅनन माइकवर, मोनो, गेन घड्याळात दहाच्या थोडा पुढे, शिखरं -९. दोन पॅच, सोलोला ३ डीबी. दादांनी चॅनेलच्या पट्टीवर मार्करने रेघ मारली आणि म्हणाले, "आता याला हात लावलास तर बघ." मी म्हटलं हा नॉब आता तुमच्याकडे येतच नाही. त्यांना पटेना, मग त्यांच्यासमोर फुल्लपासून शून्यापर्यंत फिरवून दाखवला, मीटर हलला नाही. त्यानंतर जरा गोड बोलायला लागले.

पहाटे साडेपाचला मुका साउंडचेक. अंधार, उटण्याचा वास, सगळे टोपडी घालून, आणि मी आवाज न येणारी गिटार जीव तोडून वाजवतोय. वॉचमन लांबून बघत होता. तबला, की-बोर्ड, गायक, सगळ्यांचे गेन वीस मिनिटांत.

घोळ झालाच. रात्री मांडताना कुणीतरी स्नेकच्या केबली बदलल्या, त्यामुळे रेघ मारलेल्या चॅनेलवर ऑक्टोपॅड आणि मी त्याच्या जागी. मुक्या साउंडचेकमध्येच सापडलं ते. सहाला सापडलं असतं तर पहिल्या भूपाळीला ऑक्टोपॅडने सोसायटी उठवली असती.

लाल दिवा एकदाही नाही. सोलो दुसऱ्या विंगपर्यंत ऐकू आला म्हणे. मध्ये मला माझं कमी वाटलं तेव्हा नॉब चढवला, कुणालाच कळलं नाही.

खारीगावचा_खवट

व्हिडिओ टाका. म्यूट होता का ते आम्ही ठरवतो.

सहावी_तार

टाकतो काका. भाच्याचा स्पीकर परत करायचाय, त्याचा एक रबरी पाय स्टेजवर राहिलाय, तो शोधून येतो.